ऑर्डरी भरपूर असूनही टॉवेलच्या कारखान्यात पैसा का टिकत नाही?

वडिलांकडून आलेल्या टॉवेलच्या कारखान्यात ऑर्डरी असूनही आठवड्याच्या पगाराला पैसे कमी पडतात, तेव्हा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करावा का, असे आपण विचारले आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील काही यंत्रमाग कारखान्यांचे हिशेब मी पाहतो. माझ्या मते आधी वजनकाटा आणि उधारीची वही हाती घ्यावी.

ऑर्डर ५०० ग्रॅमच्या टॉवेलची असेल आणि मागावरून ५२० ग्रॅमचा नग उतरत असेल, तर हजार नगांमागे २० किलो सूत आपण गिऱ्हाइकाला फुकट देतो, आणि नगावर दर ठरलेला असल्यामुळे ते बिलात कुठेच दिसत नाही. पाइलच्या बीमचा, म्हणजे टॉवेलवरचे फासे ज्या सुताचे होतात त्या सुताच्या रुळाचा, ताण सैल झाला की वजन वाढते. म्हणून प्रत्येक मागाचे चार-दोन नग रोज तोलून मागाच्या नंबरासह लिहून ठेवावेत आणि फरक दिसताच जॉबरला, म्हणजे माग जुळवणाऱ्या कारागिराला, त्याच दिवशी सांगावे. महिनाअखेरीस कळून उपयोग नसतो.

उधारीचे दुखणे मात्र याहून मोठे आहे, कारण सुताचे पैसे लवकर द्यावे लागतात, मजुरी दर आठवड्याला जाते आणि व्यापारी दोन-तीन महिने पैसे अडकवतो. आपली उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीमुळे ही मुदत चुकवून वर्षअखेरीस थकवलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही, त्यामुळे मार्चमध्ये वसुलीला जोर येतो. कायद्याचा धाक जुन्या गिऱ्हाइकाला दाखवणे आपल्याकडे अवघड जाते, हे मान्य. तरी बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापायला कोणाची भीड नको. वहीत येणे रक्कम नावाने नव्हे, तारखेने मांडावी. जुने येणे चुकते झाल्याशिवाय नवा माल गाडीत चढवू नये, आणि हे गिऱ्हाइकाला ऑर्डर घेतानाच सांगावे.

कामगारांच्या उचलीसाठी वेगळे पान ठेवून दर पगाराला किती कापायचे ते देतानाच ठरवावे. एवढी घडी बसल्यावर अभ्यासक्रम करायचाच असेल, तर नेतृत्वावरच्या व्याख्यानांपेक्षा उत्पादनखर्च काढायला शिकवणारा निवडावा.