नवा लेथ (लाकूड फिरवून कापायचं यंत्र) घेतलाय. लाकूडकामासाठी चार जबड्यांचा चक, म्हणजे लाकूड धरणारी पकड, लगेच घ्यावा का?

नाही, लगेच नको. लाटणं, रवीचा दांडा, पलंगाचे खूर अशी लांबट कामं दोन सेंटरांमध्ये (दोन्ही टोकांना लाकूड धरणाऱ्या अणींमध्ये) धरूनच होतात आणि ती सेंटरं बहुतेक लेथसोबत येतात. सुरुवातीचे वाडगेही फेसप्लेटवर, म्हणजे लाकूड स्क्रूंनी बसवायच्या चकतीवर, निघतात. फक्त लाकडाचे जाड स्क्रू वापरा, जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू ठिसूळ असतात, धक्क्याला तुटतात. वाचलेले पैसे धारेवर घाला, म्हणजे बेंच ग्राइंडरवर. बोथट हत्यार अडकतं, लाकूड उसळतं आणि नवशिका दोष देतो पकडीला! हत्यारांत रफिंग गाऊज (लाकूड आधी ओबडधोबड गोल करायची पन्हळीसारखी पटाशी), स्पिंडल गाऊज (लांबट कामाला आकार द्यायची तशीच पटाशी) आणि पार्टिंग टूल (खाच पाडायचं, तुकडा वेगळा करायचं हत्यार) पुरे. वाडग्यांसाठी वेगळा बाऊल गाऊज. रफिंग गाऊज वाडग्याला कधीच लावू नका, मुठीतली त्याची शेपटी बारीक असते, मोडते. फेस शील्ड मात्र पहिल्या दिवसापासून, नुसता चष्मा चालणार नाही. झाकणाच्या डब्या करायच्या असतील तर गोष्ट वेगळी, तिथे चकाशिवाय फार अडतं. चक घेताना लेथच्या स्पिंडलचे (चक बसतो त्या फिरत्या दांड्याचे) आटे तपासा: १ इंच ८ टीपीआयचा (इंचाला ८ आटे) चक एम३३ × ३.५ च्या (३३ मिमी जाड, आट्यांत ३.५ मिमी अंतर) स्पिंडलवर बसत नाही.