'नॅनो टॉवेल', अब्जांश आणि अळवावरचं पाणी

सोलापूरच्या एका बाईंनी विचारलंय: साखर पेठेतल्या एका दुकानात 'नॅनो टॉवेल' अशी चिठ्ठी दिसली, टॉवेल जेमतेम हात पुसण्यापुरता. मग नॅनो म्हणजे छोटा का? शिवाय मुलाच्या वहीत नॅनोतंत्रज्ञानाला एकदा 'अब्जांश तंत्रज्ञान' आणि एकदा 'अतिसूक्ष्म तंत्रज्ञान' लिहिलंय. बरोबर कोणतं?

आधी दुकानदाराची बाजू घेतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'बुटका' असाच आहे, तेव्हा व्युत्पत्ती त्याच्या बाजूने आहे. पण 1960 साली आंतरराष्ट्रीय मापन पद्धतीत या उपसर्गाला नेमकी किंमत मिळाली, शंभर कोटींवा भाग. पुढे आपल्याकडे टाटांची गाडी आली, मोबाइलमध्ये नॅनो सिम आलं आणि 'बुटका' हा जुना अर्थ पुन्हा घरोघरी पोचला. नॅनोमीटरने मोजायला बसलं तर 12.3 मिलिमीटर लांबीचं ते सिम 1 कोटी 23 लाख भरतं, गाडी तर तीन अब्जांच्या वर! बोलण्यात हे चालतं, त्यावर नाक मुरडायचं कारण नाही. कापडाच्या धंद्यात मात्र घोटाळा होऊ शकतो, कारण जंतू वाढू नयेत आणि वास येऊ नये म्हणून चांदीचे नॅनोकण लावलेलं कापडही बाजारात मिळतं. त्यालाही नॅनो आणि यालाही नॅनो म्हटलं तर गिऱ्हाइकाने काय समजायचं? छोट्या टॉवेलाला 'नॅपकिन' हा चांगला रुळलेला शब्द आहेच.

'अतिसूक्ष्म' मला पटत नाही. सूक्ष्मदर्शक, सूक्ष्मजीव या शब्दांमुळे 'सूक्ष्म' ही जागा मायक्रोने अडवलेली आहे, आणि मायक्रो नॅनोच्या हजारपट मोठा. 'अति' लावून हजारपट कशी कळणार? कापसाचा एकेक तंतू साधारण 12 ते 20 मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे 12 ते 20 हजार नॅनोमीटर. नॅनोविज्ञानाचा सगळा संसार ढोबळमानाने 1 ते 100 नॅनोमीटरमध्ये.

'अब्जांश' चोख आहे. दशांश, शतांश यांच्याच पंगतीत तो बसतो आणि आकडाही बरोबर सांगतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही अब्ज म्हणजे एकावर नऊ शून्यंच. एकच अडचण आहे: 'अंश' म्हटलं की 'कशाचा?' हा प्रश्न येतोच. 'अब्जांश मीटर' ठीक, पण 'अब्जांश कण' म्हणजे कणाचा अब्जावा भाग की काय! म्हणून वहीत 'अब्जांश तंत्रज्ञान' खुशाल राहू द्या, पण कणांना मी नॅनोकणच म्हणेन.

आता जरा विषयांतर. अब्ज म्हणजे पाण्यात जन्मलेलं, अर्थात कमळसुद्धा. आणि निसर्गातल्या नॅनो करामतीचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण कमळाच्या पानाचंच निघावं, हा योगायोग मला फार आवडतो. बॉन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी 1990च्या दशकात या पानावर पाणी का टिकत नाही ते उलगडून दाखवलं. पानावर मायक्रोमीटर मापाचे उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाच्या त्याहून कितीतरी बारीक नळ्या. थेंब त्यांच्या टोकांवर तोलून राहतो, खाली हवा अडकते. थेंब घरंगळताना धूळही घेऊन जातो.

कमळाचं पान हाताशी नसेल तर मंडईतून वडीसाठी अळू आणालच. धुण्याआधी एक पान तिरपं धरून वर चमचाभर पाणी सोडा. थेंब पाऱ्यासारखे चकाकत पळतात. ती चकाकी खाली अडकलेल्या हवेची. 'अळवावरचं पाणी' म्हणून आपण पाण्याला चंचल ठरवलं, करणी सगळी पानाची. मग त्याच पानावर एका जागी अंगठा जोरात घासा आणि पुन्हा पाणी सोडा. तिथे मेणाचा तो बारीक खडबडीतपणा चेपून पुसला गेलेला असतो, म्हणून पाणी पसरतं, चिकटतं. हीच युक्ती वापरून पाणी झटकणारे कापडावरचे लेप तयार केले जातात. घासून आणि वारंवार धुऊन तेही झिजतात. फरक इतकाच, की जिवंत पान झिजलेलं मेण काही प्रमाणात पुन्हा तयार करू शकतं, कापडाला लेप नव्याने द्यावा लागतो.