अडीचशे किलोची गाडी एका चाकावर?

प्रश्न : दादा नमस्कार, माझ्याकडं सुपर मीटिअर 650 आहे. दोस्त त्याची ड्यूक 390 सहज एका चाकावर उचलतो आणि वर मला चिडवतो की तुझी गाडी नाही, सोफा आहे. माझी पण 47 पीएसची (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) आहे, त्याच्यापेक्षा कमी नाही, मग व्हीली का बसत नाही? क्लच सोडायची काही ट्रिक आहे का?
– एक वाचक, कराड

उत्तर : दोस्त बरोबर बोलला, सोफाच आहे तो, आणि तू पैसे पण सोफ्याचेच मोजलेत 😄 मित्रा, पीएस सोड, वजन कुठं बसलंय ते बघ. गाडी 241 किलो, दोन चाकांतलं अंतर 1500 मिमी, सीट खाली, इंजिन खाली. व्हीली म्हणजे अख्खी गाडी मागच्या एक्सलभोवती फिरवायची, आणि त्यासाठी वजनाचा मध्य उंच आणि मागं पाहिजे, तुझ्या गाडीसारख्या बसक्या, लांब क्रूझरचा असतो खाली आणि लांब पुढं. अंदाजे धर, तू बसल्यावर तो मध्य एक्सलच्या 700 मिमी पुढं आणि जमिनीपासून 550 मिमी वर. 700 भागिले 550, म्हणजे चाक उचलायला गुरुत्वाकर्षणाच्या सव्वापट पिकअप लागणार. डांबरी रोडवर टायरची पकड साधारण एक पटीलाच संपते. आणि तुझं इंजिन फर्स्ट गिअरला, माझ्या हिशोबानं, कसंबसं पाऊण पटीपर्यंत जातंय. जमणार कसं?

आता ट्रिक. रेस करून क्लच फटकन सोडला की फिरत्या क्रँकमधली (इंजिनच्या मुख्य दांड्यातली) साठलेली ताकद एकदम सुटते, त्यात तू मागं झुकून हँडल ओढलंस तर चाक क्षणभर वीतभर उठेल सुद्धा, पण ते वर धरून ठेवायला इंजिनात दम नाही म्हणून लगेच खाली आपटतं. ते आपटणं मी खाल्लंय. विशीत असताना एका जुन्या क्रूझरवर, शेताच्या वाटेवर, चाक टेकलं तेव्हा हँडल दोन बोटं वाकडं होतं आणि मी थेट उसात. पायाचं सोड, पण कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला, पुढचा ब्रेक दाबला की हँडलमध्ये टक टक, आणि क्लच प्लेटांचा जळका वास दोन दिवस नाकातून जाईना.

कॅलिफोर्नियात लोक हार्लेची डायना उचलतात हे खरंय, तीनशे किलोच्या आसपासची गाडी (2017 नंतर बंद झाली). पण ती शोरूममधली नसते रे! मागचे शॉक उंच टाकलेले, हँडल उंच केलेलं, बेल्ट काढून चेन बसवलेली, इंजिनवर काम झालेलं. तेवढ्या खर्चात तुझी दुसरी गाडी येईल.

आणि रोडवर करणार असशील तर मोटार वाहन कायद्याचं कलम 184 आहे, पहिल्याच वेळी 1,000 ते 5,000 दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही.

प्रश्न : मुलाच्या 200 सीसी गाडीचे पुढचे फोर्क सील (शॉकमधलं तेल अडवणारे रबर) तीन महिन्यांत दोनदा लीक झाले. शोरूमवाले वॉरंटी देत नाहीत, म्हणतात मुलाला विचारा. काय विचारू?
– एक वडील, सांगली

उत्तर : काका, सील धुळीनं, चिखलानं पण जातात, म्हणून लगेच पोराच्या अंगावर जाऊ नका. पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळू हळू डावीकडून उजवीकडं फिरवून बघा. बरोबर मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर बहुतेक पुढून जोरात आपटलीय, मग तो खड्डा असेल नाहीतर व्हीली. मागं जाऊन नंबर प्लेटची खालची कड पण बघा. व्हीली उंच गेली की ती रोडला घासते, म्हणून ती घासून चकाकत असेल तर काही विचारायलाच नको.