उन्हाळ्यात विमानं रद्द का होतात? इंजिन तापतं म्हणून का?

नाही, खरा प्रश्न इंजिनापेक्षा हवेचा आहे. हवा तापली की विरळ होते, आणि उंचावर ती मुळातच विरळ असते. कोणतं विमान किती वजन घेऊन उडू शकेल याचा हिशेब हे माझं रोजचं काम, म्हणून एक हिशेब मांडूनच दाखवतो.

अमेरिकेतल्या डेन्व्हरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५,४३० फूट उंच. या उंचीला प्रमाण तापमान साधारण ४ अंश सेल्सिअस धरतात. दुपारी पारा ३५ वर गेला, म्हणजे ३१ अंश जास्त. दर जास्तीच्या अंशाला ढोबळमानाने १२० फूट उंची वाढली असं धरा, म्हणजे सुमारे ३,७०० फुटांची भर. विमान उभं आहे तिथेच, पण त्याला मिळणारी हवा ९,००० फुटांवरची! तेवढीच उचल मिळवायला आता जास्त वेगाने धावावं लागतं आणि नेमका तेव्हाच इंजिनाचा जोर घटलेला असतो. टायरनाही वेगाची मर्यादा असतेच.

मग धावपट्टी लांब असली की झालं, असं अनेकांना वाटतं. डेन्व्हरला १६,००० फुटांची धावपट्टी आहेही. पण उडताना दोनपैकी एक इंजिन बंद पडलं तर? चाकं आत घेतल्यावर उरलेल्या एकाच इंजिनावर किमान २.४ टक्के चढ, म्हणजे १,००० मीटर पुढे जाताना २४ मीटर वर, जमलाच पाहिजे असा नियम आहे. माझ्या मते प्रवाशांच्या जिवासाठी याहून मोलाचा नियम नाही. बऱ्याचदा वजन इथेच अडतं. मग माल उतरवा, काही जागा रिकाम्या ठेवा, नाहीतर इंधन कमी घ्या. बोलिव्हियातल्या ४,०६१ मीटर उंचीच्या ला पाझहून निघालेली लांब पल्ल्याची विमानं म्हणूनच सखल भागातल्या सांता क्रूझला उतरून इंधन भरत आली आहेत.

आता रद्द होण्याबद्दल. जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्सला ४९ अंशांचा अंदाज होता आणि चाळीसहून अधिक उड्डाणं रद्द झाली. ती छोट्या जेट विमानांची होती. त्यांची मर्यादा सुमारे ४८ अंश. मोठ्या बोइंग-एअरबसची ५२च्या पुढे, त्यामुळे ती उडत राहिली. मर्यादेपलीकडे उत्पादकाने तपासलेले आकडेच नसतात, आणि तिथे अंदाजपंचे उड्डाण कोणीही करू नये.

उन्हाळ्यात अशा ठिकाणाहून निघायचं असेल तर पहाटेचं विमान घ्या. हवा गार असते, आणि सामान मागे राहण्याची शक्यताही कमी.