पांढऱ्या पेशींतील विकर मोजताना

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. एचआयव्हीबाधितांच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींतील अ‍ॅडेनोसिन डिअ‍ॅमिनेज या विकराची (एन्झाइमची) क्रियाशीलता मोजायची आहे. सीडी४ चाचणी असताना हिचा उपयोग काय, आणि माझे आकडे स्थिर का येत नाहीत?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सीडी४ चाचणी एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या सीडी४ प्रकारच्या लिम्फोसाइट पेशी किती उरल्या ते सांगते, त्यांच्या आत काय चालले आहे, हे विकराच्या क्रियाशीलतेवरून काही अंशी कळते. उपचार कसा चालला आहे ते मात्र सीडी४ आणि व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) यांवरूनच पाहतात, त्यामुळे ही मोजणी संशोधनापुरतीच समजावी.

हे विकर अ‍ॅडेनोसिनचे इनोसिन करते, त्यात अमोनिया सुटतो आणि त्यापासून येणारा निळा रंग आपण मोजतो. साहजिकच काचसामानाला अमोनियाचा अंश राहिला तरी आकडा फुगतो. पण खरी गडबड बहुधा आधीच झालेली असते. १.०७७ (ग्रॅम प्रति मिलिलिटर) घनतेच्या द्रवावर रक्त ठेवून सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवल्यावर मधे दिसणारा, लिम्फोसाइट असलेला धुरकट थर उचलताना तांबड्या पेशी सोबत आल्या, तर निकाल फसतो, कारण हे विकर त्यांच्यातही असते. धुतल्यावर तळाचा साका लालसर दिसला, तर तो नमुना सरळ बाद करावा. रक्त बर्फात ठेवू नये, आणि एप्रिलच्या उन्हात दुचाकीच्या डिकीतून तर मुळीच आणू नये.

निकाल दशलक्ष पेशींमागे मांडावा. तरीही बाधितांत सीडी४ घटून सीडी८ या दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोसाइट पेशींचा वाटा वाढलेला असतो, त्यामुळे एकाही पेशीतले विकर न बदलता सरासरी बदलू शकते. म्हणून पेशींचे प्रकार मोजल्याशिवाय निरोगी व्यक्तींशी तुलना करू नये.