जुना फोन हातातून सोडण्याआधी

प्रश्न : दादा, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली. गेल्या आठवड्यात दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून उतरताना जेट्टीच्या शेवाळावर पाय सरकला आणि हातातला फोन खाडीत गेला. ओहोटी होती म्हणून घोटाभर पाण्यातून दोन-तीन मिनिटांत मिळाला. तेव्हा चालू होता. ओढणीने पुसला, घरी येऊन तांदळाच्या डब्यात घातला. रात्री बॅटरी उतरली म्हणून चार्जिंगला लावला. पहाटे बघते तर फोन तापलेला आणि बंद. फोन सात महिन्यांचा, २४,९९९ रुपयांचा, खोक्यावर ‘आयपी६८’ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) छापलेलं. घेताना दुकानदाराने १,८९९ रुपयांचा संरक्षण प्लॅनही दिला होता. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सिमच्या खाचेतली, पाणी लागलं की लाल होणारी खूण दाखवली, वॉरंटी गेली म्हणाले आणि बोर्ड (फोनच्या आतली मुख्य सर्किटची पाटी) बदलायचे १४,८०० सांगितले. प्लॅनवाले फोनवर म्हणाले, पाण्यात पाडलात म्हणजे तुमचा निष्काळजीपणा, क्लेम बसत नाही. आता दुकानदार म्हणतो, फोन जमा करा, वर थोडे पैसे घाला, बदलून देतो. फोनमध्ये बचत गटाच्या आगळ-आंबापोळीच्या ऑर्डरी आहेत आणि सासूबाई भात लावताना गाणी म्हणतात त्यांचे अकरा व्हिडिओ आहेत. काय करू?

उत्तर : ताई, आधी एकच सांगतो. दुकानदाराकडे फोन जमा करू नका. निदान अजून नको.

बदली फोन मिळतो तेव्हा जुना परत मिळत नाही, तो कंपनीकडे जातो. बोर्ड बदलून घेतलात तरी तेच, कारण फोटो आणि व्हिडिओ बोर्डावरच असतात. माझ्या रत्नागिरीच्या फोन-दुरुस्तीच्या दुकानात नवा फोन हातात घेऊन रडणारी माणसं मी पाहिली आहेत. ‘यात जुने फोटो का दिसत नाहीत?’ म्हणून विचारतात. तेव्हा माझ्या हातात काही उरलेलं नसतं. म्हणून आधी व्हिडिओचं बघू, मग पैशाचं.

तुमच्या फोनला नुसत्या पाण्याने मारलं नाही. मिठाने आणि विजेने मिळून मारलं. पाणी उडून जातं, मीठ जागेवर राहतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते मीठ पुन्हा ओल धरतं, आणि त्यातून वीज वाहिली की तांबं झिजायला लागतं. बॅटरी जोडलेली असते तोवर हे चालूच राहतं आणि चार्जर लावला की वेग धरतं. तांदळाने यातलं काहीच थांबत नाही. तो बाहेरची ओल थोडीफार ओढत असेल, पण काचेआडचं मीठ कसं ओढणार? उलट त्याचा भुगा चार्जिंगच्या भोकात बसतो. तांदूळ वापरू नका असं आता अॅपलही आपल्या ग्राहकांना सांगते.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पुरात बुडालं. त्यानंतर महिनाभर माझ्या टेबलावर गाळाने लडबडलेले फोन होते. काही तर दोन दिवस पाण्याखाली राहिलेले. दिसायला भयानक, पण जे पहिल्या तासात बंद पडले आणि कोणी चार्जिंगला लावले नाहीत, त्यातले बरेच उघडून धुतल्यावर बोलले. खाडीत दोन मिनिटं पडून रात्रभर चार्जरवर राहिलेला फोन त्याहून अवघड जातो. हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. घरोघर असंच करतात, कारण कोणी वेगळं सांगितलेलं नसतं. पुढच्या वेळी खाऱ्या पाण्यात फोन पडला तर लगेच बंद करा, सिम काढा, बंद फोन स्वच्छ गोड्या पाण्यात हलक्या हाताने खंगाळा, पुसा आणि त्याच दिवशी दुरुस्तीच्या टेबलावर न्या. ओला फोन आणखी पाण्यात घालायचा हे ऐकून लोक दचकतात. पण जे पाणी आत शिरायचं ते शिरलेलंच असतं, मीठ पातळ करणं महत्त्वाचं.

आता टेबलावर काय होतं ते सांगतो, म्हणजे कोणाकडे द्यायचा ते तुम्हाला ओळखता येईल. मागचं झाकण गरम करून उघडायचं आणि सगळ्यात आधी बॅटरीची पट्टी सोडवायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली बोर्ड. खाडीच्या फोनमध्ये बॅटरीच्या जोडणीपाशी आणि चार्जिंगच्या पिनांच्या मुळाशी हिरवट-निळी पूड दिसते, तांब्याच्या भांड्याला चढते तशीच. बोर्डावरचे पत्र्याचे डबे उचलले की खाली पांढरी साय धरलेली असते, ते मीठ. ते आयपीएने, म्हणजे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मऊ ब्रशने धुवायचं, अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी मळ सुटवणाऱ्या यंत्रात) घालायचं आणि पूर्ण सुकवायचं. मग बॅटरीऐवजी टेबलावरच्या वीजपुरवठ्याची वायर लावून किती वीज ओढतो ते मीटरवर बघायचं. बटण दाबण्याआधीच काटा वर गेला तर कुठेतरी शॉर्ट आहे, म्हणजे वीज भलत्या वाटेने वाहतेय. बहुतेक वेळा त्याला कारण मोहरीच्या दाण्याहून बारीक, कपॅसिटर नावाचा बोर्डावरचा भाग असतो. कुठला भाग तापतो ते शोधून तेवढाच काढला की बोर्ड उठण्याची शक्यता असते. तुमचा फोन तापून बंद झालाय, म्हणजे शॉर्टचाच संशय धरतो.

जो कारागीर न उघडता ‘मेमरी चिप काढून दुसऱ्या फोनला लावतो, व्हिडिओ येतील’ म्हणेल, त्याच्याकडून उठून या. आजकालच्या फोनमधला डेटा कुलूपबंद असतो आणि किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. मूळ बोर्ड जिवंत झाला, फोन उघडायचा तुमचा पिन नंबर टाकला, तरच व्हिडिओ बाहेर येतात. फोन पुढे वर्षभर टिकावा हा हेतू नाही. तासभर चालू राहिला तरी आपलं काम झालं. कारागिराला तसंच सांगा, ‘फक्त डेटा काढायचाय’. स्क्रीन मेली असेल तर तो स्वतःची टेस्टिंगची स्क्रीन लावून काम करतो, नवी घ्यायची गरज नाही. तोवर फोन पुन्हा चार्जरला लावू नका.

मात्र बाहेर उघडण्याआधी प्लॅनचा कागद वाचा. अनधिकृत माणसाने उघडलेला फोन चालणार नाही अशी अट बहुधा असते. मग व्हिडिओ की पैसे, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. ठरवण्याआधी हे करा : दुसऱ्या कोणाच्या फोनवर तुमचं गूगल खातं उघडून फोटोंमध्ये बघा. बॅकअप चालू असेल तर व्हिडिओ तिथे असतीलही. संपर्क बहुतेक वेळा खात्यात असतातच. ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर असतील तर त्याचा बॅकअपही गूगलवर जातो, फक्त खात्याची फुकटची १५ जीबी जागा भरली की तो मुकाट्याने थांबतो. हे सगळं सापडलं तर फोन उघडण्याचा प्रश्नच मिटला, थेट क्लेमच्या मागे लागा. आणि ताई, सासूबाई घरात आहेत, लावणीचे दिवसही आहेत. उद्याच कोणाचा तरी फोन घेऊन दोन गाणी म्हणून घ्या. जुनी मिळाली तर मिळाली.

आता पैसे. कंपनीच्या वॉरंटीशी भांडू नका. आयपी६८ मधला ६ धुळीचा आणि ८ पाण्याचा. ८ म्हणजे मीटरभराहून खोल बुडवून केलेली चाचणी. किती खोल आणि किती वेळ, ते कंपनी सांगते. चाचणी होते नव्या फोनची, प्रयोगशाळेतल्या गोड्या पाण्यात. खाडीचं त्यात येत नाही, आणि पाण्याचं नुकसान वॉरंटीत नाही असं बहुतेक सगळ्याच कंपन्या बारीक अक्षरात छापतात. जाहिरातीत पाण्याखाली फोटो काढणारी मुलं दाखवायची आणि खाली ही ओळ घालायची, याचा मला राग येतो. पण त्या रागातून पैसे मिळत नाहीत.

तुमचा हक्क आहे तो १,८९९ च्या प्लॅनवर. वॉरंटी बनावटीच्या दोषासाठी, प्लॅन अपघातासाठी. त्यात ‘अपघाती आणि द्रवामुळे झालेलं नुकसान’ असे शब्द असतील, तर पाय सरकून फोन पडणं हा अपघातच. फोनवरच्या मुलीने निष्काळजीपणा म्हटलं, ते काही उत्तर नव्हे. ईमेल करा : अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, असं झालं, क्लेम नाकारत असाल तर कुठल्या कलमाखाली ते लेखी कळवा. किती दिवसांत कळवायचं याची मुदत कागदावर असते, म्हणून आजच पाठवा. सोबत बिल, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), सर्व्हिस सेंटरची जॉबशीट (फोन तपासल्याचा नोंदीचा कागद) आणि १४,८०० चा अंदाजपत्रकाचा कागद जोडा. जॉबशीट दिली नसेल तर मागून घ्या, तिच्याशिवाय पुढे काहीच हलत नाही. घसरलात ते घसरलात असंच लिहा. ‘बेसिनमध्ये पडला सांगा’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बोर्डावरचं मीठ सगळं सांगतं, आणि एक खोटं सापडलं की खरा क्लेमही जातो.

पूर्ण २४,९९९ मिळतील असं धरू नका. सात महिन्यांचा घसारा कापतील आणि तुमच्या वाट्याची ठरावीक रक्कमही भरायला लावतील. बदली फोन दिला तर तो नवा की दुरुस्त करून आणलेला, ते लेखी घ्या.

तरीही नाकारलं तर कागदावर विमा कंपनीचं नाव आहे का बघा. असेल तर आधी त्यांच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. आपल्यासाठी ते पुण्यात बसतात, फी नाही. विमा नसून नुसता सेवा-प्लॅन असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, आणि तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे रत्नागिरीतच. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची. कागद नीट लावलेले असले की पुष्कळदा आयोगापर्यंत जायची वेळच येत नाही.

प्रश्न : फोन बादलीत पडला, लगेच काढला, सगळं चालतंय. फक्त चार्जिंग लावलं की ओलाव्याची खूण येते आणि चार्ज होत नाही. हेअर ड्रायर लावू का? (कोल्हापूर)

उत्तर : नको. गरम हवेने आतला गोंद आणि रबर सैल पडतात आणि पाणी आणखी आत ढकललं जातं. भोक खाली धरून तळहातावर हलकेच आपटा आणि पंख्याखाली ठेवा. तासाभराने खूण गेली नाही तर दिवसभर थांबा. कापसाची काडी घालू नका, तंतू आत राहतात. ‘तरीही चार्ज करा’ असा पर्याय फोन देतो, तो दाबू नका. भोकात वीज येणारी पिन आधी काळी पडते आणि मग चार्जिंग कायमचं अडखळतं.

प्रश्न : भिजलेल्या फोनऐवजी बदली फोन मिळाला. सिमही नवं घेतलं. पण यूपीआय चालूच होत नाही. बँकेत जाऊ का? (ठाणे)

उत्तर : एक दिवस थांबा. नवं सिम घेतलं की चोवीस तास त्यावरचे एसएमएस बंद असतात, फसवणूक रोखायला. यूपीआयची नोंदणी एसएमएसवरच होते, म्हणून अडलंय. खरं तर जुनं सिम स्वच्छ पुसून लावलं असतंत तर बहुधा चाललं असतं, पाण्याने सिम क्वचितच मरतं. दुसऱ्या कंपनीत नंबर न्यायचा विचार असेल तर सिम बदलल्यापासून सात दिवस ते होत नाही. आणि बदली फोनवर *#०६# दाबून आयएमईआय बघा. खोक्यावर आणि नव्या कागदावर तोच आकडा हवा. मग इंग्रजीत केवायएम (KYM), एक जागा सोडून तो आकडा, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीतला किंवा आधीच कुठे वापरलेला असेल तर ते उत्तरात येतं. तसं आलं तर फोन त्याच दिवशी परत करा आणि परत केल्याची पोच घ्या.