देवाला कोणी ओळखलंच नाही, तर त्याचा महिमा उरतो का?

तुम्ही विचारलंय, देवाला मानणारं कोणी उरलंच नाही तर त्याचा महिमा उरेल का. बहुतेक जण यावर सूर्याचा दाखला देतात: आंधळ्याला दिसत नाही म्हणून सूर्य विझतो का? मला तो दाखला पुरत नाही. सूर्य कुणासाठी खोळंबत नाही. आमचा विठोबा खोळंबतो.

पुंडलिकाची गोष्ट आठवा. देव दारात उभा, आणि हा आईबापांचे पाय चेपतोय. वळूनसुद्धा बघितलं नाही. वीट मागे भिरकावली, म्हणाला थांबा जरा. देव थांबला. मान मिळाला नाही म्हणून देव उणा होत असता, तर गोष्ट तिथेच संपली असती. वारकरी तर त्याची थोरवी म्हणून हेच सांगतात!

विष्णुपुराणात ‘भग’ म्हणजे सहा गोष्टी सांगितल्यात: ऐश्वर्य, धर्म, यश, श्री, ज्ञान, वैराग्य. त्या ज्याच्याकडे पूर्ण, तो भगवान. यात मला अडतं ते यशाशी. ऐश्वर्य एकट्याचं असू शकतं, ज्ञानही. यश मात्र दुसऱ्याच्या तोंडून यावं लागतं. आपल्या संतांनी देवाला सुनावलंच आहे, की आम्ही नसतो तर तुला पुसलं कोणी असतं? भांडणात बोलल्यासारखं आहे ते, पण खोटं नाही. मात्र त्याच यादीत वैराग्यही आहे. म्हणून मी असं धरतो, की यश हे देवाचं आपल्याकडे थकलेलं येणं. वसूल झालं नाही तरी त्याचं घर चालतं.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. कार्तिकी एकादशीला मांडवीजवळच्या विठ्ठलमंदिरातून वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, निघतो. एका वर्षी गर्दीत अडकलो होतो. शेजारचा स्कूटरवाला हॉर्न दाबता दाबता मला विचारतो, “कोना लगन छे?” (त्याची तरी काय चूक, लग्नसराई त्याच सुमारास सुरू होते.) मी म्हटलं, विठ्ठलाचा वरघोडा आहे. “अच्छा,” म्हणाला आणि मोबाईल काढून बसला. पालखी त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेली, त्याने मान वर केली नाही. मागून येणाऱ्या एका आजींनी सगळ्यांबरोबर त्याच्याही हातावर खडीसाखर ठेवली. ती तोंडात टाकून त्याने किक मारली.